बाईंची चौथी खोली

माझा आवाज मोठा आहे. उदगीरला आमच्या दारातून मी भाजीवाल्याला हाक मारली की स्टेशनातले हमाल मान वर करून बघायचे, असं माझा भाऊ सांगतो आणि वर आईची शपथ घेतो. आईनं लहानपणी मध चाटवला, तुरटीच्या गुळण्या करायला लावल्या, एक-दोनदा कानाखालीही दिली. आवाज काही खाली आला नाही. आता अशा पोरीला देवानं नोकरी कुठं द्यावी? तर जिथं दिवसभर कुजबुजायचं, बरोब्बर तिथं.

नांदेडहून लातूरकडं निघालं की वस्ती संपता संपता एक पांढरं, खिडक्या नसलेलं कोल्ड स्टोरेज लागायचं. तिथं मी ऑफिसात बसायचे. फोन घ्यायचा, आलेल्या-गेलेल्या मालाची नोंद करायची, खोल्यांचं तापमान बघायचं, एवढंच काम. मालकीण एक बाई होत्या. त्यांना सगळे नुसतंच बाई म्हणायचे.

पहिल्या दिवशी मी आत शिरले आणि चांगल्या संस्कारांनी म्हणाले, "नमस्कार बाई!"

बाईंनी ओठांवर बोट ठेवलं. "हळू माय. झोपल्यात."

"कोण झोपलंय?"

"सगळी," बाई म्हणाल्या आणि मागच्या जाड दारांकडं हात केला.

मला वाटलं, बाईंची नातवंडं असतील. दाराआड पेट्यांवर पेट्या रचलेली सफरचंदं होती.

बाई उंच, किडकिडीत. अंगात पुरुषी तपकिरी स्वेटर, कानाला मफलर. हे आत खोलीत जाताना ठीक आहे. पण बाई तो स्वेटर कधीच काढायच्या नाहीत. नांदेडचा वैशाख तुम्हाला माहीत असेल. दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. अशा उन्हात बाई स्वेटर घालून बँकेत जायच्या, मंडईत जायच्या, वर टपरीवर उभं राहून गरम चहा प्यायच्या. पोरं मागून 'बर्फाच्या बाई आल्या' म्हणायची. मी एकदा न राहवून विचारलं, "बाई, उकडत नाही का हो?"

"आत मला थंडी वाजत न्हाई," त्या म्हणाल्या. "बाहेर आल्यावरच वाजती."

हे काय उत्तर झालं? पण बाईंची उत्तरं अशीच असायची. विचारणारा गप्प बसायचा आणि घरी जाऊन त्यावर विचार करत बसायचा. माझ्या तर स्वयंपाकाच्या कितीतरी फोडण्या त्यांच्या वाक्यांपायी जळल्या.

सफरचंदं काश्मिराकडून, हिमाचलाकडून यायची. नवरात्र उलटलं की ट्रक सुरू व्हायचे, ते दिवाळी होईपर्यंत चालायचे. माल उतरवायला बाई स्वतः उभ्या. पेटी आपटलेली त्यांना खपायची नाही. हमालानं जरा जोरात टेकवली की त्या त्याच्याकडं असं बघायच्या की तो बिचारा पुढची पेटी देव्हाऱ्यातला देव ठेवावा तशी ठेवायचा. मग तीन साध्या खोल्या भरायच्या. त्यातला माल संक्रांतीपर्यंत, फार तर माघ लागेपर्यंत विकून जायचा.

चौथी खोली वेगळी. तिचं दार जाडजूड, कडेनं रबर लावलेलं. ते लागलं की यंत्रानं आतला प्राणवायू अगदी थोडा ठेवायचा. माणूस आत गेला तर गुदमरून पडेल. सफरचंद मात्र त्यात जगतं, नुसतं हळू होतं. पिकायचं विसरतं. ते दार उघडायचं थेट अक्षय तृतीयेला. तोवर कोणीही येवो, काहीही होवो. दाराला तळहाताएवढी काच होती, तेवढ्यातून टॉर्च मारून बघायचं.

बाई रोज सकाळी त्या काचेपाशी उभ्या राहायच्या. एकदा मलाही बोलावलं. मी काचेला नाक लावलं. आत टॉर्चचा पिवळा झोत हळूहळू फिरला आणि पेट्यांच्या फटींतून गाल दिसायला लागले, लाल, मधेच हिरवट, अंधाराच्या शेवटापर्यंत. काही म्हणजे काही हलत नव्हतं. माझ्याच श्वासानं काच धुरकट व्हायची, पुसली की पुन्हा ते सगळे तिथंच. बाहेर फाल्गुन तापला होता आणि आत अजून आश्विन चालू होता. मला वाटलं, आपण फार वेळ बघितलं तर आपलंही वय इथंच थांबेल.

"मेल्यासारखी वाटतात हो," मी कुजबुजले.

"मेली न्हाईत. झाडावरनं तोडलं म्हंजी काय मेलं का? जितं असतं. श्वास घेतं." बाईंनी टॉर्च विझवली. "तोडल्यावर खायला कोण घालणार? मग आपलीच साखर थोडी थोडी खातं. गरमीत भराभरा खाऊन संपवतं, मग पिठूळ व्हतं. थंडीत झोपवलं की पुरवून पुरवून खातं."

मी त्यांच्याकडं बघितलं. त्या सफरचंदांबद्दलच बोलत होत्या. तेव्हा तरी मला तसंच वाटलं.

बाईंचे नियम सांगायचे तर दिवस पुरायचा नाही. मोबाइल वाजता कामा नये. चपला फटफट वाजल्या की बाहेर. आतला माल एकदम उन्हात आणायचा नाही, आधी मधल्या पडवीत ठेवायचा. नाहीतर फळाला दरदरून घाम फुटतो. "झोपेतनं उठलेल्या माणसाला आधी पाणी देतेत, का हिशोब विचारतेत?" लातूरचा एक चिंचवाला व्यापारी एका रिकाम्या खोलीत चिंच ठेवू द्या म्हणून मागं लागला होता. बाई नाही म्हणाल्या, सफरचंद शेजाऱ्याचा वास उचलतं. तो म्हणाला, "अहो बाई, भिंत हाय की मधी!" बाई म्हणाल्या, "भिंतीनं वास थांबला असता तर काय पाहिजे व्हतं?"

पण सगळ्यांत कडक नियम केळ्याचा. कोल्ड स्टोरेजच्या फाटकातून केळं आत आणायचं नाही. फाटकावर एक म्हातारे चाचा बसायचे. ते सकाळी प्रत्येकाचा डबा उघडून नाकाला लावायचे. "बेटी, केला तो नहीं ना? केला नक्को अंदर." भाजी काय आहे हे चाचांना आमच्या घरच्यांच्या आधी कळायचं. आणि हे कुठं, तर नांदेडात! पलीकडं अर्धापूर, जिकडं बघावं तिकडं केळीच्या बागा, रस्त्यानं केळ्यांचे टेम्पो, पाहुण्याला केळं, उपासाला केळं, आजाऱ्याला केळं. केळं टाळून नांदेडात जगायचं म्हणजे थट्टा आहे का?

एका चतुर्थीला माझा उपास होता. पर्समध्ये केळं होतं आणि मी ते साफ विसरले होते. चाचांनी वासावरून ओळखलं. बाहेर काढलं. मी भांडले. माझं भांडण म्हणजे काय, शेजारच्या पेट्रोल पंपावरची माणसं बघायला आली. चाचा नुसते हात जोडून "नक्को बेटी, नक्को" करत होते. शेवटी फाटकाबाहेरच्या कडुनिंबाखाली दगडी बाक होता, तिथं बसून, रागानं, ते केळं खाल्लं आणि साल लांब फेकून तणतणत बाईंपुढं गेले.

"बाई, एका केळ्यानं तुमची एवढी हजारो सफरचंदं उठून बसणार आहेत का?"

बाईंनी मला हळू बोलायला सांगितलं नाही, हेच नवल. त्यांनी मला खुर्ची दिली.

"फळं एकमेकांला सांगावा धाडतेत, माय," त्या म्हणाल्या. "पिकलेल्या फळातनं एक हवा सुटती. आपल्या नाकाला कळत न्हाई, शेजारच्या फळाला कळती. ते बी पिकाया लागतं, मग त्याच्या शेजारचं. केळ्याचं तसंच, सफरचंदाचं तर लईच. म्हणून केळं आन् सफरचंद शेजारी ठिवायचं नसतं."

"पण एका केळ्यानं?"

त्यांनी मफलर कानावर ओढून घेतला. मग म्हणाल्या, "एका केळ्यानं काय बी व्हत न्हाई. पण वास आला की मला घरी जावं वाटतं."

मग त्यांनीच सांगितलं, तेव्हा मला कळलं. बाईंचं माहेर अर्धापूरकडचं, केळीवाल्यांचं. आणि ते माहेर बंद होतं.

आमच्याकडं रीत अशी की बाप गेला की लेकींनी हक्कसोडीच्या कागदावर सही करायची. जमीन भावाच्या नावावर, आणि बदल्यात भावानं दिवाळीला साडी-चोळी करायची, माहेर चालू ठेवायचं. सही न करणारी पोरगी म्हणजे वंगाळ, भावाच्या ताटात हात घालणारी. बाईंचा नवरा लवकर गेला, सासरी थारा राहिला नाही. वडील गेल्यावर भावानं कागद पुढं केला आणि बाई म्हणाल्या, मी सही करणार न्हाई, माझा वाटा मला दे. भाऊ एकुलता एक, तो एकच भाऊ आणि ही एकच बहीण. त्यानं वाटा दिला, बांधावर दगड रोवला आणि म्हणाला, "हे घे तुझं. आता तुला माहेर न्हाई." बाईंनी ती जमीन विकून हे कोल्ड स्टोरेज उभं केलं. त्यानंतर दोघांचं बोलणं नाही.

"मग सफरचंदंच का?" मी विचारलं.

"आपल्या मातीत येत न्हाई म्हणून. ह्याच्याकडं बघून कुणाची आठवण येत न्हाई."

दर भाऊबीजेला मी आपली भाबडेपणानं विचारायचे, "बाई, आज सुट्टी घेताय ना?" त्या म्हणायच्या, "गाड्या येऊन राहिल्यात, मी कुठं जाऊ?" खरंच त्या दिवशी ट्रक यायचे. ट्रक नसला तर बाई फाटकाशी उभ्या राहून रस्त्याकडं बघायच्या. ट्रकची वाट बघतायत, असं आम्ही समजायचो. दुपारी मी उदगीरहून भावानं पाठवलेल्या साडीची घडी ऑफिसात उलगडून दाखवायची नाही, एवढं मला कळायचं.

चौथ्या खोलीचं एक सांगते, म्हणजे पुढचं समजेल. एका माघात मंडईतला बडा व्यापारी आला होता. भाव चढले होते, त्याला माल पाहिजे होता. चौथी खोली उघडा म्हणून त्यानं बाईंच्या विनवण्या केल्या, वाटेल तो भाव बोलला. बाई म्हणाल्या, "झोपलेल्या लेकराला भूक लागली का म्हणून इच्यारायला उठवतेत का?" व्यापारी हात हलवत गेला. दुसऱ्या एका वर्षी वीज दिवसभर गेली, जनरेटर खोकायला लागला, तेव्हा बाई चौथ्या खोलीच्या दाराला पाठ लावून बसल्या होत्या. दार काही थंडी धरून ठेवत नव्हतं त्यांच्या पाठीमुळं. पण बसल्या होत्या. चाचा म्हणाले, "बाई का दिल उधरच है." बाईंची चौथी खोली म्हणजे आमच्या भागातल्या फळवाल्यांत एक म्हणच झाली होती. एखादा हट्टाला पेटला की म्हणायचे, आता ह्याची चौथी खोली लागली.

आणि मग ती महाशिवरात्र आली. म्हणजे यायची होती, आठवडाभर होता. तीन खोल्या रिकाम्या झालेल्या, फरशी धुऊन उघड्या टाकलेल्या. दुपारची वेळ. पडवीत त्या वेळी यंत्राची घरघर अशी एकसुरी यायची की डोळा लागायचा. मला तर स्टुलावर बसल्या बसल्या स्वप्नं पडायची, आणि स्वप्नातही मी हळू बोलायचे. फोन वाजला. पलीकडं बाईमाणूस.

"मी कोन ते इच्यारू नका. अर्धापूरकडनं बोलून राहिले."

"बोला ना!" मी म्हणाले.

"अवो हळू बोला! आमचे हे बाहीरच बसल्यात."

म्हणजे तिकडूनही तेच. मी आवाज खाली केला. ती बाईंची वहिनी होती. तिनं भराभरा जे सांगितलं ते असं: बाईंच्या वडलांनी गावच्या महादेवाला एक रिवाज घातलेला. शिवरात्रीला देवळात जो कोणी उपाशी येईल त्याच्या हातावर एक पिकलं केळं ठेवायचं. जाताना पोरांना तेवढंच सांगून गेले की हे मोडू नका. भावानं एकही वर्ष मोडलं नव्हतं. पण यंदा थंडी लांबली, घड हिरवेगार उतरवावे लागले, आणि पिकवायच्या चेंबरचं गॅस सोडायचं यंत्र बंद पडलं. दुरुस्तीचा माणूस शिवरात्र उलटल्यावर येणार. जुनी धुरी द्यायची खोली भावानं पाडून टाकलेली. कार्बाइडची पुडी टाकून पिकवायची नाही, ही वडलांची शपथ. गावातल्या केळीवाल्यांचा माल ठरलेल्या गाड्यांना गेलेला, आणि विकत आणून वाटायचं तर ते आपल्या बागेचं कसं होणार? भाऊ दोन वेळचा जेवला नव्हता. चेंबरच्या दारात खुर्ची टाकून हिरव्या केळ्यांकडं बघत बसला होता.

"मी फोन केला म्हणून सांगू नका," वहिनी म्हणाली.

"मग काय सांगू?"

"सांगा की," ती म्हणाली आणि रडायलाच लागली.

मी बाईंना जाऊन सगळं सांगितलं. त्या पाठमोऱ्या उभ्या होत्या, भिंतीवरचं तापमान बघत. वळल्या नाहीत.

"हिरवी हायती का पिवळट?"

"हिरवीगार म्हणाल्या."

"हं."

बाई चौथ्या खोलीच्या दाराशी गेल्या. दारावर हात ठेवला. कपाळ टेकवलं. मला वाटलं नेहमीसारखं काचेतून बघून परत फिरतील. पण बाईंनी यंत्रावरच्या माणसाला हाक मारली आणि यंत्र बंद करायला सांगितलं.

"बाई, अक्षय तृतीया..." मी म्हणाले.

"दार उघडा."

दार उघडलं तेव्हा लगेच कोणी आत गेलं नाही. आधी बाहेरची हवा आत जाऊ द्यावी लागते. आम्ही सगळे पडवीत उभे राहिलो. पहिल्यांदा पायांवरून थंड धुकं आलं. मग वास आला. कितीतरी महिने कोंडलेला, गोड, ओला, थोडा लाकडाचा, थोडा पावसाचा, आमच्यापैकी कोणीच न पाहिलेल्या डोंगरांचा वास. यंत्र थांबल्यामुळं अशी शांतता झाली होती की मला माझ्या बांगड्यांचा आवाज लाज वाटण्याइतका मोठा वाटला. चाचा फाटक सोडून आत आले होते आणि डोळे मिटून उभे होते. बाई डोळे उघडे ठेवून होत्या, पण त्या तिथं नव्हत्या. एखाद्या देवळात असाव्यात, लहान असाव्यात, हातात केळ्यांची टोपली असावी, असं मला वाटलं. माझ्या मनाचे खेळ असतील, पण मला ते दिसलं, इतकं स्पष्ट दिसलं.

मग त्यांनी स्वतःचे सगळे नियम एकेक करून मोडले. निवडलेल्या पेट्या पडवीत न ठेवता सरळ उन्हात काढायला लावल्या. फळांना घाम फुटला, पाणी निथळायला लागलं. "निथळू दे. गरम होऊ दे. झोपेत सांगावा धाडता येत न्हाई." बाकीच्या खोलीचीही झोप मोडली ती मोडलीच. ती सफरचंदं उन्हाळ्यापर्यंत टिकणार नव्हती, आधीच विकावी लागणार होती. हे बाईंना आमच्यापेक्षा जास्त कळत होतं.

पेट्या टेम्पोत चढल्या. मी म्हणाले, "चला बाई."

"मी कशी येऊ? मला माहेर न्हाई," बाई म्हणाल्या. "तू जा. पेट्या केळ्याच्या मधी मधी उघड्या ठिवायच्या, दार गच्च लावायचं, खोली गरम ठिवायची. आन् आईक." त्यांनी माझा दंड धरला. "तिथं हळू बोलायचं न्हाई. तिथं मोठ्यानं बोल. तिथं उठवायचं हाय."

माझ्या उभ्या आयुष्यात मला मोठ्यानं बोल म्हणून सांगणारं ते पहिलं माणूस.

अर्धापूरच्या पुढं, केळीच्या बागांतून एक पांदण जाते. दोन्ही बाजूंनी हिरवी पानं टेम्पोच्या काचेला घासत होती, आत हिरवा उजेड पडला होता आणि मागं सफरचंदांचा वास सुटला होता. आपण जागे आहोत की नाही असं वाटणारा तो रस्ता. शेवटी चेंबर आलं. दारात खुर्चीवर बाईच बसल्या होत्या. म्हणजे तसंच नाक, तसेच घट्ट मिटलेले ओठ, फक्त मिशा होत्या.

"कोनाची गाडी?"

मी सांगितलं. तो उठला. "तिला कोनी सांगितलं?"

वहिनी दारात उभी राहून लक्षपूर्वक आभाळ बघत होती. मी म्हणाले, "आमच्याकडं बातम्या वाऱ्यानं येतात."

"वापस न्या. तिचा वाटा तिला दिला. आता आमचं न् तिचं कायबी न्हाई."

मला राग आला. आणि मला परवानगी होती. मी अशी ओरडले की बागेतले बगळे उडाले. "दादा, चौथी खोली उघडलीय त्यांनी!"

तो थांबला. "कोन्ती?"

"चौथी! तुमच्या केळ्यांसाठी! आज दुपारपर्यंत बंद होती!"

पुढचं त्याला सांगायची गरज नव्हती. फळवाला माणूस तो, अक्षय तृतीयेच्या आधी चौथी खोली उघडणं म्हणजे काय ते त्याला कळत होतं. तो परत खुर्चीवर बसला. उपरण्यानं तोंड पुसलं, बराच वेळ पुसत राहिला. मग उठून टेम्पोपाशी आला आणि कोणाला हात लावू न देता पहिली पेटी स्वतः खांद्यावर घेतली. खाली ठेवताना त्यानं ती अजिबात आपटली नाही. अगदी बाईंसारखी ठेवली.

हिरव्या घडांच्या मधे लाल सफरचंदं मांडली. दार लावायच्या आधी मी आत तोंड घालून म्हणाले, "उठा आता! शिवरात्र आली!" वहिनी पदर तोंडाला लावून हसली. भाऊ हसला नाही, पण तो म्हणाला, "पुन्यांदा म्हना." मी पुन्हा म्हणाले.

त्यानंतरचे दिवस बाई फोनपाशी फिरकल्या नाहीत. पण मी फोन उचलला की पडवीतला त्यांचा पायरव थांबायचा. शिवरात्रीच्या आदल्या दिवशी फोन आला. वहिनी या वेळी हळू बोलत नव्हती.

"पिवळी पडली वो! समदी पडली!"

मी बाईंना सांगितलं. त्यांनी मफलर वर ओढून तोंड झाकलं आणि "हं" म्हणाल्या.

शिवरात्र होऊन गेल्याच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी, फाटकावर गलका झाला. मी ऑफिसच्या दारातून बघितलं. भाऊ मोटारसायकल उभी करून उन्हात उभा होता, हातात पिकलेल्या केळ्यांची एक भली थोरली फणी, आणि चाचा दोन्ही हात पसरून वाटेत उभे.

"केला नक्को अंदर, साब. बाई का हुकुम है."

"अवो चाचा, देवाचा प्रसाद हाय!"

"परसाद भी केलाच है ना, साब."

मी पळत पडवीत गेले. बाई आत होत्या, चौथ्या खोलीत, राहिलेल्या पेट्या बघत. मी दारातून ओरडले. पूर्ण आवाजात, ज्याच्यापायी आईनं मध चाटवला त्या आवाजात. "बाई! भाऊ आलाय तुमचा!"

तो आवाज सगळ्या रिकाम्या खोल्यांतून फिरून आला. भाऊ आलाय, भाऊ आलाय. बाईंनी मला गप्प केलं नाही. त्या बाहेर आल्या, चालता चालता मफलर काढला, मग स्वेटर काढला आणि न बघता माझ्या हातात दिला. इतक्या वर्षांत मी त्यांचे नुसते हात पहिल्यांदा पाहिले. बारीक होते, पांढरे पडले होते.

फाटकाच्या अलीकडं त्या, पलीकडं तो. चाचा दोघांकडं आळीपाळीनं बघत होते.

"आत येऊ का?" भाऊ म्हणाला.

"केळं घिऊन न्हाई," बाई म्हणाल्या.

भावाचं तोंड उतरलं. मग बाईंनी फाटकाची कडी काढली आणि स्वतः बाहेर गेल्या.

कडुनिंबाखालच्या बाकावर दोघं बसली. मी केळं खाल्लं होतं, त्याच बाकावर. भाऊ सोलून देत होता, बाई खात होत्या. एक संपलं की दुसरं. त्या खाताना रडत होत्या, आणि मला सांगायला लाज वाटत नाही, मीही फाटकाला धरून रडत होते. हातात स्वेटर होता, तो अजून गार होता.

"सही मागाया आलास?" बाईंनी विचारलं.

"कशाची सही, अक्का," तो म्हणाला. "तुझं तुला दिलं, ते बराबरच व्हतं. मलाच उशिरा कळलं. दिवाळीला ये."

"दिवाळीला माझ्या गाड्या येतेत."

"गाड्या उभ्या राहतील."

बाईंनी हात पुढं केला. अजून एक केळं मागितलं.

पुढची दिवाळी आली. यंदा ट्रक उशिरा निघाले होते, अजून एकही आला नव्हता. भाऊबीजेला सकाळी काश्मीरचा पहिला ट्रक येऊन फाटकाला लागला, ड्रायव्हर दमलेला, दाढी वाढलेली. बाईंनी उतरवून घेतल्याशिवाय इथं पेटी हलत नाही हे त्याला वर्षानुवर्षांचं ठाऊक. त्यानं इकडं तिकडं बघितलं, हॉर्न वाजवला, खाली उतरून विचारलं, "बाई कुठं आहेत?"

मी फाटकावर उभी होते. मागं चारही खोल्या उघड्या, धुतलेल्या, रिकाम्या होत्या. झोपलेलं कोणी नव्हतं. मी माझ्या खऱ्या आवाजात, पार पेट्रोल पंपापर्यंत जाईल असं, सांगितलं,

"थांबावं लागेल! बाई माहेरी गेल्यात!"